छात्राध्यापकाचे दडपण : इतिहासाच्या आधारे एक विचार



शाळेच्या एका निष्ठावंत शिक्षकाच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत शिक्षकाविषयीच बोलावे, हे मला उचित वाटले. मात्र तीस-चाळीस वर्षे अध्यापन करून ज्याने नाव मिळविले, अशा शिक्षकाविषयी मी आज बोलणार नाही. जो अद्याप शिक्षक व्हावयाचा आहे, ज्याच्या हाती नुकताच खडू आला आहे, त्या छात्राध्यापकाविषयी मला बोलावयाचे आहे. मी जन्मभर मराठीचा अध्यापक. शिक्षणशास्त्र हा काही माझ्या अधिकाराचा प्रांत नव्हे. परंतु मराठी विषय घेऊन बी.एड. करणारी मुलेमुली पाठाचे टाचण दाखविण्यासाठी माझ्याकडे येत आली आहेत. त्यांच्या मनावरचे दडपण मी जवळून पाहिले आहे. २०२० साली महासाथीमुळे विद्यापीठांचे शिक्षण एकाएकी ऑनलाइन झाले आणि या दडपणाचे रूपच पालटले. ते कसे पालटले, हे समजून घ्यावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

१. भीतीचे स्वरूप

पहिला पाठ घेताना घाम फुटला नाही, असे सांगणारा शिक्षक एक तर विस्मरणशील असावा किंवा असामान्य. चाळीस मुले समोर बसलेली असतात, मागच्या बाकावर मार्गदर्शक प्राध्यापक निरीक्षण वही उघडून बसलेले असतात, आणि काल रात्री पाठ केलेले पहिलेच वाक्य ऐन वेळी आठवत नाही. हे दडपण अध्यापनाच्या व्यवसायाइतकेच जुने आहे.

फ्रान्सेस फुलर या अमेरिकन विदुषीने १९६९ साली नवशिक्या शिक्षकांच्या चिंतांचा एक क्रम मांडला. आरंभी नवशिक्याला स्वतःचीच चिंता असते. मी कसा दिसतो, मला जमेल काय, वर्ग मला जुमानील काय, हे त्याचे प्रश्न असतात. पुढे त्याचे लक्ष कामाकडे वळते : वेळ पुरेल का, फळ्यावर काय लिहावे, प्रश्न कोणते विचारावेत. आणि सर्वांत शेवटी त्याला विद्यार्थ्याची चिंता वाटू लागते : याला समजले का, तो का गप्प आहे. स्वतःपासून कामाकडे आणि कामापासून मुलाकडे, असा हा प्रवास आहे. पुढील संशोधकांनी या क्रमाविषयी मतभेद नोंदविले असले, तरी अनुभवी शिक्षकाला त्यातील तथ्य सहज पटेल.

हा प्रवास घडविते कोण? माझ्या मते ते काम मुख्यतः मुलेच करतात. बाकावरच्या एखाद्या मुलीच्या कपाळाला आठी पडते, आणि छात्राध्यापक क्षणभर स्वतःला विसरून तिच्याकडे पाहतो. त्या क्षणी त्याची भीती थोडी ओसरते आणि तो थोडा शिक्षक होतो. शिक्षक-प्रशिक्षणाचा इतिहास हा एका अर्थाने या क्षणापर्यंत नवशिक्याला सुखरूप पोहोचविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

२. आरंभीचे दिवस

आपल्याकडील पंतोजीला कोणी प्रशिक्षण दिले नव्हते. तो आपल्या गुरूच्या शाळेत बसून शिकला आणि तसाच शिकवू लागला. एकोणिसाव्या शतकात सरकारी आश्रयाने नव्या पद्धतीच्या मराठी शाळा निघू लागल्या, तेव्हा शिक्षक घडविण्याचा प्रश्न प्रथमच उभा राहिला. पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या मंडळीने मुंबईत शिक्षक तयार करण्याचे काम हाती घेतले आणि १८२६ साली असे चोवीस शिक्षक दख्खन, कोकण व गुजरात या भागांत रवाना केले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे १८४५ साली मुंबईच्या नॉर्मल स्कूलची जबाबदारी आली. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. सावित्रीबाई फुले यांनीही अहमदनगर व पुणे येथे अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८५४ च्या वुडच्या खलित्याने प्रशिक्षण-शाळा काढाव्यात आणि उमेदवारांना विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली.

या साऱ्या प्रयत्नांत नवशिका शिक्षक एकटा नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तो सहाध्यायांसह राहत होता, जाणत्याच्या देखरेखीखाली मुलांना शिकवीत होता आणि मग गावी जात होता. प्रशिक्षण म्हणजे सोबत, हा त्या काळचा अध्याहृत अर्थ होता. तो कोणी लिहून ठेवला नाही, कारण सोबतीवाचून प्रशिक्षण देता येईल, असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

३. इंदूर आणि छत्तीस मिनिटे

आता आपल्या इंदूरकडे येऊ. येथील विद्यापीठाची स्थापना १९६४ साली झाली आणि १९८८ साली त्याला देवी अहिल्येचे नाव मिळाले. शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासात या विद्यापीठाच्या शिक्षण विभागाने जी कामगिरी केली, ती इंदूरकरांनाही फारशी ठाऊक नसावी.

१९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापनाची पद्धत काढली. कल्पना साधी होती. नवशिक्याला एकदम चाळीस मुलांसमोर चाळीस मिनिटे उभे करू नये. चार-पाच विद्यार्थी, पाच-दहा मिनिटे आणि एकच कौशल्य, मग ते प्रश्न विचारण्याचे असो, उदाहरण देण्याचे असो वा फळा वापरण्याचे. पाठ झाला की दूरचित्रफीत पाहून चुका समजून घ्यायच्या आणि तोच पाठ पुन्हा घ्यायचा.

भारतात १९६७ च्या सुमारास अलाहाबाद येथे या दिशेने पहिली पावले पडली, आणि पुढे बडोदे व इंदूर ही या विचाराची केंद्रे झाली. बडोद्याहून इंदुरास आलेले प्राध्यापक बी. के. पासी यांनी संपादिलेला सूक्ष्म अध्यापनावरील ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. १९७८ च्या सुमारास एन.सी.ई.आर.टी. व इंदूर विद्यापीठाचा शिक्षण विभाग यांनी मिळून या पद्धतीची देशव्यापी चाचणी हाती घेतली. या सर्व कामातून जो भारतीय नमुना सिद्ध झाला, त्याचे वेळापत्रक आजही अनेक बी.एड. महाविद्यालयांत शिकविले जाते : सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनरध्यापन आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. एकूण छत्तीस मिनिटे.

आपल्याकडील महाविद्यालयांना दूरचित्रफितीची यंत्रे परवडणारी नव्हती. सरावासाठी हवी तेव्हा मुलेही मिळत नसत. तेव्हा भारतीय नमुन्याने यंत्र वगळले आणि त्याच्या जागी माणसे बसविली. सहाध्यायीच विद्यार्थी झाले, सहाध्यायीच निरीक्षक झाले. पाठ संपताच शेजारची मैत्रीण सांगे, “तू प्रश्न विचारलास आणि उत्तरही तूच देऊन टाकलेस.” आणि बारा मिनिटांनी ती चूक सुधारण्याची संधी मिळे. या छत्तीस मिनिटांत मला शिक्षणशास्त्राइतकाच मनाचाही विचार दिसतो. चूक होणारच, हे तेथे गृहीत आहे. ती मोजक्या आप्तांसमोर व्हावी आणि त्याच बैठकीत दुरुस्त व्हावी, अशी तेथे सोय आहे. दडपण कमी करण्याची याहून स्वस्त आणि सुज्ञ युक्ती मला तरी ठाऊक नाही.

४. दुरून प्रशिक्षण : पूर्वीचे प्रयोग

शिक्षकांना दुरून शिकविण्याची कल्पना २०२० साली प्रथम आली, असे कोणी समजू नये. एन.सी.ई.आर.टी.च्या अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथील प्रादेशिक महाविद्यालयांनी १९६६ पासून नोकरीतील अप्रशिक्षित शिक्षकांसाठी पत्रद्वारा बी.एड.चा अभ्यासक्रम चालविला. परंतु तो केवळ टपालाने चालत नव्हता. उन्हाळी सुटीत शिक्षकांना महाविद्यालयात येऊन राहावे लागे. वर्षभर पाठ टपालाने, आणि उन्हाळ्यात गाठभेट.

१९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यांत दूरदर्शन पोहोचविण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. मध्य प्रदेशासह सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे त्यात होती. या प्रयोगात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे बारा दिवसांचे प्रशिक्षण दोन वेळा दिले गेले आणि प्रत्येक वेळी सुमारे २४,००० शिक्षकांनी त्याचा लाभ घेतला. तेथेही शिक्षक घरी एकटे बसून दूरदर्शन पाहत नव्हते. ते केंद्रावर जमत, मार्गदर्शक शिक्षक त्यांच्यासमवेत असे, कार्यक्रम संपल्यावर चर्चा होई आणि कृती करून पाहिल्या जात.

पुढे पत्रद्वारा बी.एड.चा काही ठिकाणी बाजार झाला. प्रवेश अमाप आणि गाठभेट नाममात्र, अशी स्थिती आली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेला १९९३ च्या कायद्याने वैधानिक अधिकार मिळाले आणि १९९५ पासून तिने या पसाऱ्याला आळा घालण्यास आरंभ केला. २०१४ च्या विनियमांनी तर बी.एड. दोन वर्षांचे करून त्यात निदान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालविण्याचे बंधन घातले. दरम्यान २०१७ ते २०१९ या काळात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने दहा लाखांहून अधिक सेवेतील अप्रशिक्षित शिक्षकांसाठी ‘स्वयम्’ व दूरदर्शन वाहिन्यांच्या मदतीने पदविकेचा अभ्यासक्रम चालविला. पण हे शिक्षक रोज आपापल्या शाळेत शिकवीत होते. पडद्यावर पाहिलेले दुसऱ्या दिवशी वर्गात करून पाहण्याची त्यांना सोय होती.

या इतिहासातून एक सूत्र हाती लागते. अंतरावरून प्रशिक्षण जेव्हा जेव्हा नीट चालले, तेव्हा त्याच्या जोडीला एक तर गाठभेट होती किंवा प्रत्यक्ष वर्ग होता. दोन्ही नसताना ते चालल्याचे उदाहरण मला आढळत नाही.

५. २०२० : दोन्ही नसताना

मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात इंदुरात संचारबंदी लागली. साथीच्या पहिल्या काही आठवड्यांत देशातील सर्वाधिक बाधित शहरांमध्ये आपल्या शहराची गणना होत होती. झाबुआ, अलीराजपूर, धार, खरगोन येथून शिकण्यासाठी येऊन भंवरकुआँ परिसरात खोली घेऊन राहिलेले विद्यार्थी पुस्तके खोलीतच टाकून गावी परतले. महाविद्यालयांचे वर्ग मोबाइलवर भरू लागले. सप्टेंबर २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा घरी बसून, पुस्तक उघडे ठेवून झाल्या आणि उत्तरपत्रिका संकलन केंद्रांवर जमा करण्यात आल्या.

शाळांचेही तसेच. राज्याच्या शिक्षण विभागाने एप्रिल २०२० मध्ये पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठ पाठविण्यास सुरुवात केली, रेडिओवरून शाळा चालविली, आणि ६ जुलै २०२० पासून ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ ही योजना आरंभिली. सकाळी दहा वाजता घरात थाळी वाजवून शाळा भरल्याची सूचना द्यावी, असे त्या योजनेत सुचविले होते. प्राथमिक वर्ग प्रत्यक्षात उघडले ते सप्टेंबर २०२१ मध्ये. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष छात्राध्यापकाला उभे राहण्यास प्राथमिक वर्गच नव्हता.

साधनांची स्थिती तर सर्वश्रुत आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील शंभर घरांपैकी सुमारे चोवीस घरांत इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात पंधरा, तर शहरांत बेचाळीस. संगणक तर शंभरांत जेमतेम अकरा घरांत. अशा घरातील छात्राध्यापिकेने एका मोबाइलवर स्वतःचा तास ऐकायचा, धाकट्या भावाचीही शाळा त्याच मोबाइलवर, आणि तास चालू असताना स्वयंपाकघरातून हाक आली तर ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही. विवाहित विद्यार्थिनींची ओढाताण याहून अधिक. पुढे नोकरी मिळेल काय, ही चिंता वेगळीच; कारण खासगी शाळांतील अनेक शिक्षकांचे पगार त्या काळात कापले गेले किंवा थांबले, हे त्यांना दिसत होते.

२१ जुलै २०२० रोजी केंद्र सरकारने ‘मनोदर्पण’ हा मानसिक आधाराचा उपक्रम विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यासाठी सुरू केला. तो स्तुत्य होता. छात्राध्यापक मात्र अर्धा विद्यार्थी आणि अर्धा शिक्षक. दिवसा तो प्राध्यापकांकडून सूचना घेई आणि संध्याकाळी गल्लीतील मुलांना सूचना देई. दोन्हीकडचा ताण त्याच्या वाट्याला आला.

६. पडद्यासमोरचा पाठ

तथापि साधनांची टंचाई हे या तणावाचे एक कारण झाले. त्याहून खोल कारण पाठाच्या स्वरूपात आहे, असे माझे मत आहे.

सराव पाठ पडद्यासमोर होऊ लागले. इंटरनेट वाचावे म्हणून सहाध्यायांचे कॅमेरे बंद, गोंगाट नको म्हणून त्यांचे ध्वनीही बंद. बोलणाऱ्या छात्राध्यापकाला पडद्यावर काय दिसे? काळ्या चौकटींतली नावे आणि त्यांच्यामध्ये स्वतःचाच चेहरा. मराठीचा अध्यापक या नात्याने मला कवितेच्या पाठाची कल्पना करवत नाही. कविता वाचून झाल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती अनुभवी कानाला कळते. ती कंटाळ्याची आहे की तल्लीनतेची, हे मुलांच्या डोळ्यांवरून ओळखता येते. बंद ध्वनीची शांतता काहीच सांगत नाही. ‘आवाज येतोय ना?’ हा एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारण्याची पाळी येते.

फुलरबाईंच्या क्रमाकडे आता पुन्हा पाहावे. ज्याने स्वतःच्या चिंतेतून बाहेर पडून मुलाकडे पोहोचावयाचे, त्याच्यासमोर तासभर त्याचाच चेहरा धरला गेला. भीती घालविणारे मूल समोर नाही आणि भीती वाढविणारा आरसा मात्र समोर आहे. वर्गाची भीती गेली म्हणावी, तर वर्गच नव्हता.

येथे एक रास्त आक्षेप येतो. सूक्ष्म अध्यापनातही खरी मुले नव्हती, मग पडद्यावरच्या पाठाला दोष का द्यावा? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु सूक्ष्म अध्यापनात समोर जिवंत चेहरे होते, प्रत्याभरण त्याच क्षणी होते, पुनरध्यापनाची संधी होती, आणि हे सारे खऱ्या वर्गाकडे नेणारी एक पायरी होते. इंदूरसारख्या ठिकाणी सिद्ध झालेल्या नमुन्याने कॅमेरा काढून माणूस ठेवला होता; २०२० मध्ये माणूस गेला आणि कॅमेरा तेवढा उरला. त्या वेळी सर्वत्र वापरात असलेल्या एका सभा-सुविधेची विनामूल्य मुदत चाळीस मिनिटांची होती. आपले छत्तीस मिनिटांचे चक्र त्यात सहज बसले असते! पाच सहाध्यायी, सर्वांचे चेहरे दिसतील अशी व्यवस्था, सहा मिनिटांचा पाठ आणि लगेच दोन बोल. जेथे एखाद्या प्राध्यापकाने असे लहान गट केले असतील, तेथे छात्राध्यापकांना निश्चितच धीर आला असेल. अशा गटासाठी नव्या यंत्राची आवश्यकता नव्हती. जुन्या विचाराचे स्मरण पुरेसे होते.

ऑनलाइन शिक्षणाने काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दूरच्या तज्ज्ञांची व्याख्याने खेड्यात ऐकू आली, पाठ पुन्हा पाहण्याची सोय झाली, आणि साधनांची जी सवय लागली ती आज उपयोगी पडते. अनेक छात्राध्यापकांनी ओसरीवर, मंदिराच्या ओट्यावर चार-पाच मुले जमवून स्वतःच वर्ग भरविले. प्रशिक्षण जेथे थांबले होते, तेथून त्यांनी ते आपल्या हिमतीने पुढे नेले. प्रशिक्षणाचा गाभा कोणता, हे त्यांना नियम न वाचताच कळले होते.

७. शाळेचे कर्तव्य

हा सारा इतिहास मी आपल्या शाळेत का सांगत बसलो? त्या वर्षांतील छात्राध्यापक आज शिक्षक झाले आहेत. कदाचित या सभागृहातही त्यांपैकी कोणी असतील. त्यांच्या गुणपत्रिकेत सराव पाठांचे गुण आहेत, पण त्यांतील कित्येकांनी खऱ्या वर्गापुढचा पहिला पाठ नोकरीच्या पहिल्या दिवशी घेतला. अशा शिक्षकाचा आवाज चढला, तो पुस्तकाला चिकटून राहिला, मुलांच्या डोळ्यांकडे पाहायला बिचकला, तर ‘हल्लीच्या बी.एड.ला काही अर्थ नाही’ असे शिक्षककक्षात म्हणणे सोपे आहे. पण त्यात न्याय नाही. जी सोबत त्याला प्रशिक्षणात मिळावयास हवी होती, ती त्याला मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ती सोबत अजूनही देता येईल. ज्येष्ठ शिक्षकाने आठवड्यातून एकदा नवीन शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसावे. निरीक्षक म्हणून नव्हे, सहाध्यायी म्हणून. तास संपल्यावर सहा मिनिटे बोलावे. एकच गोष्ट चांगली झाली ती सांगावी आणि एकच सुधारावयाची ती सांगावी. पुढच्या आठवड्यात नवीन शिक्षकाने ज्येष्ठाच्या वर्गात बसावे आणि त्यालाही तेच करू द्यावे. या उपक्रमाला अनुदान लागत नाही आणि परिपत्रकाची वाटही पाहावी लागत नाही. शाळेत वीस आठवड्यांच्या आंतरवासितेसाठी येणाऱ्या छात्राध्यापकांनाही रिकाम्या तासांची भरती म्हणून न वापरता हीच वागणूक मिळाली पाहिजे.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० साली शिक्षकांसाठी चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट ठरविले आहे. अभ्यासक्रम बदलतील, वर्षे वाढतील वा घटतील, पडदे अधिक सुबक होतील. पण माणसाला शिक्षक करणारे शेवटी समोरचे मूल आणि शेजारचा जाणता हे दोघेच आहेत. ज्या शिक्षकाचे आज आपण स्मरण करीत आहोत, त्यांच्याही पहिल्या पाठाला कोणी तरी मागच्या बाकावर आपुलकीने बसले असेल. ते ऋण फेडण्याचा मार्ग आपल्याच शाळेच्या वर्गांतून जातो, एवढे नम्रपणे सुचवून मी माझे भाषण संपवितो.